तलावाची काठी निवडताना

(स्तंभ : व्यवहार आणि विवेक)



गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी कुटुंबांच्या राहणीत एक नवी गोष्ट आली आहे. पेढी आणि दुकान शुक्रवार पेठेत किंवा चाटी गल्लीच्या परिसरातच राहिले, परंतु अक्कलकोट, होटगी, तुळजापूर किंवा बार्शी रस्त्याला थोडी जमीन घेऊन तेथे फार्महाऊस बांधले गेले. नातवंडांच्या आग्रहाखातर त्यात छोटासा पोहण्याचा तलावही आला. तलाव बांधताना फरशी कोणती, पंप किती अश्वशक्तीचा, यावर घरात महिनाभर चर्चा होते. तो स्वच्छ ठेवण्याची काठी मात्र शेवटच्या दिवशी, "एखादी पाठवून द्या" एवढ्या शब्दांत मागवली जाते. या काठीविषयी एक संपूर्ण लेख कशाला, असे काहींना वाटेल. परंतु बँकेतील नोकरीत मी एक गोष्ट पाहिली. मोठ्या खर्चाची तपासणी सगळेच करतात, नुकसान बहुधा लहान आणि न तपासलेल्या बाबीतून शिरते. या काठीच्या बाबतीत ते नुकसान केवळ पैशांचे नसते, म्हणून हा प्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात असे. काठी घेताना भाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ती रोज हातात कोण धरणार? ती पूर्ण उघडली असता तिच्या टोकाच्या आसपास विजेची तार कोठे आहे? आणि कोणी पाण्यात बुडू लागले, तर धावत जाऊन हीच काठी पुढे करायची आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोणती काठी घ्यावी हे बहुतांशी ठरून जाते.

पाणी आणि आपले सोलापूर

सोलापूरकराला पाण्याचे मोल सांगावे लागत नाही. शहराच्या मध्यावर सिद्धेश्वर तलाव आणि त्याला लागून भुईकोट किल्ला. परंतु प्यायचे पाणी मुख्यत्वे शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या उजनी धरणातून जलवाहिनीने येते. नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. म्हणूनच आपल्या पेठेत पोहण्याचा तलाव एकाही वाड्यात नसला, तरी पाणी साठवण्याचा हौद किंवा जमिनीखालची टाकी नाही असे घर विरळा.

आपल्या आधीच्या पिढ्या पोहायला शिकल्या त्या विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आणि वडीलधाऱ्याने वरून ढकलून द्यायचे, हीच तेव्हाची शिकवणी. पुढे महापालिकेच्या मार्कंडेय जलतरण तलावासारख्या ठिकाणी रीतसर पोहणे सुरू झाले. त्या विहिरींचा आणि घरोघरच्या आडांचा गाळ उन्हाळ्यात काढला जाई. गाळ काढणारा माणूस आत उतरण्यापूर्वी दोरीला दिवा बांधून आत सोडीत. दिवा विझला तर आत जीव धरणारी हवा नाही असे समजून माणसाला उतरू देत नसत. हा नियम पुस्तकातला नव्हता, पण त्यामागे स्पष्ट समज होती. पाणी स्वच्छ करण्याच्या कामात खरा धोका पाण्याला नसतो, तो आत उतरणाऱ्याला असतो. लांब काठीचे मोठेपण यातच आहे. ती माणसाला काठावर उभे ठेवून तळ स्वच्छ करू देते.

दुसरे कारण हिशेबाचे. फार्महाऊसवरचा ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा लहान तलाव घ्या. त्यात ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे चार टँकर. शेवाळ धरले म्हणून हे पाणी सोडून देणे आणि पुन्हा भरणे आपल्या जिल्ह्यात परवडणारे तर नाहीच, शोभणारेही नाही. रोज पंधरा मिनिटे जाळी आणि आठवड्यातून दोनदा ब्रश फिरवला, पाणी गाळण्याचे यंत्र व औषधाचे प्रमाण सांभाळले, तर तेच पाणी दीर्घकाळ टिकते. थोडक्यात, ही काठी म्हणजे पाणी वाचवण्याचे साधन होय.

काठी म्हणजे नेमके काय

टेलिस्कोपिक काठी म्हणजे दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या दोन किंवा तीन नळ्या. बंद असता ती साधारण ८ फूट आणि उघडली असता १५ ते १६ फूट भरते. तीन नळ्यांची काठी बंद असता आणखी आखूड होते, त्यामुळे मोटारीच्या टपावरून नेणे सोपे जाते. मात्र प्रत्येक सांधा हा कमकुवतपणाचा एकेक बिंदू असतो. काठीच्या टोकाला समोरासमोर दोन छिद्रे असतात. त्यांत जाळी, ब्रश किंवा तळाचा गाळ ओढून घेणारे व्हॅक्यूमचे तोंड खटक्याने बसते. बहुतेक जोडसाहित्य सव्वा इंची नळीच्या मापाने बनते. तरीही काठी एका दुकानातून आणि ब्रश दुसऱ्या दुकानातून घ्यायचा असेल, तर दोन्ही एकत्र बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ब्रशविषयी एवढेच, की चकचकीत फरशी किंवा प्लास्टिकच्या अस्तराला नायलॉनचे केस असलेला ब्रश घ्यावा. पोलादी तारेचा ब्रश फक्त उघड्या सिमेंटच्या गिलाव्यावरील घट्ट शेवाळासाठी असतो. तो फरशीवर ओरखडे पाडतो आणि त्या ओरखड्यांतच शेवाळ पुढे मूळ धरते.

लांबी किती असावी

"सगळ्यात लांब द्या" ही मागणी दुकानदाराला आवडते, पण काठी धरणाऱ्याच्या खांद्याला महाग पडते. लांबीचा हिशेब शाळेतील भूमितीने करता येतो. वरील तलावच घेऊ. रुंदी ४ मीटर. स्वच्छ करणारा दोन्ही काठांवरून फिरणार असेल, तर त्याला फक्त मध्यापर्यंत, म्हणजे २ मीटर आडवे पोहोचायचे आहे. खोल बाजूस पाणी दीड मीटर, काठ पाण्याच्या वर १५ सेंटिमीटर आणि हाताची उंची काठापासून १ मीटर, अशी उभी उंची झाली २.६५ मीटर. या दोन भुजांचा कर्ण सुमारे ३.३ मीटर येतो. दोन्ही हातांच्या पकडीसाठी आणखी अर्धा-पाऊण मीटर धरला, तर ४ मीटर म्हणजे सुमारे १३ फूट पुरे. पूर्ण उघडून १५-१६ फूट होणारी काठी एवढ्या तलावाला भरपूर झाली, आणि ती पूर्ण उघडण्याची वेळही क्वचितच यावी.

उलट, एकाच काठावर उभे राहून पलीकडच्या भिंतीचा तळ गाठायचा म्हटले तर कर्णच ४.८ मीटर होतो. पकड धरून साडेपाच मीटरची, म्हणजे १८ फुटांची काठी लागते. चार पावले चालण्याचा कंटाळा वाचवण्यासाठी हा सौदा वाईट आहे. कारण एका टोकाला धरलेली काठी किती वाकेल, हे तिच्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. तीच नळी, टोकाला तोच भार, पण लांबी दुप्पट झाली तर वाक आठपट होतो. वाकलेल्या काठीने ब्रशचा दाब भिंतीवर पडत नाही. जोर वाया जातो आणि पाठ दुखते.

सोलापूरकराला हे वेगळ्या मार्गानेही ठाऊक आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. ते उंच नंदीध्वज पेलणाऱ्यांना विचारा. खरा कस वजनाचा नसून उंचीवरच्या डोलण्याचा असतो, असे ते सांगतील. हातात हलकी वाटणारी काठीही टोकाकडे जड होत जाते. म्हणून दुकानात काठीचे वजन बंद अवस्थेत पाहू नये. ती पूर्ण उघडून, आडवी धरून पाहावी.

धातू, काचतंतू की कार्बन?

बाजारात सर्वाधिक विकली जाते ती ॲल्युमिनियमची काठी. ती हलकी, स्वस्त आणि सहज मिळणारी असते. घ्यायची झाली तर ॲनोडाइझ केलेली घ्यावी. साधे ॲल्युमिनियम क्लोरिनच्या पाण्याने पांढरट होते आणि हाताला काळे लागते. नळी पातळ असेल तर एकदा काठावर आपटताच चेपते, आणि चेपलेली नळी दुसऱ्या नळीत सरकत नाही. आपल्याकडील बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थरही सांध्यात बसतात.

दुसरी काठी काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची. ती थोडी जड आणि महाग, पण चेपत नाही आणि गंजत नाही. मुख्य गुण असा, की कोरडी आणि स्वच्छ असता ती वीज वाहून नेत नाही. तिचा दोष आपल्या उन्हाशी संबंधित आहे. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात ती वर्षानुवर्षे पडून राहिली, तर वरचा थर उडतो, काचेचे बारीक तंतू उघडे पडतात आणि ते तळहातात शिरतात. म्हणून ती सावलीतच ठेवावी. तंतू दिसू लागले की तिला निवृत्त करावे.

तिसरी कार्बन फायबरची. अतिशय हलकी, ताठ आणि सर्वांत महाग. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "महाग आहे, धातूची नाही, म्हणजे विजेपासून सुरक्षित" असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. कार्बन फायबरमधून वीज वाहते. विजेच्या तारांजवळ ती ॲल्युमिनियमइतकीच अविश्वासू समजावी. अधिक किंमत दिली म्हणजे अधिक सुरक्षितता मिळाली, हे समीकरण व्यापारात नेहमी खरे ठरत नाही. येथे तर मुळीच नाही.

वरच्या तारेचा हिशेब

आता या लेखाचा जो सर्वांत महत्त्वाचा भाग, त्याकडे वळतो.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत विजेच्या उघड्या तारांची जमिनीपासूनची किमान उंची ठरवलेली होती. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या कमी दाबाच्या तारांसाठी ५.५ मीटर, ११ हजार व्होल्टच्या तारांसाठी ५.८ मीटर, आणि रस्ता सोडून इतरत्र, म्हणजे शेतातून वगैरे जाणाऱ्या ११ हजार व्होल्टपर्यंतच्या तारांसाठी ४.६ मीटर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही हेच आकडे राहिले. फार्महाऊस शेतात असते, म्हणजे तेथे शेवटचा आकडा लागू पडतो.

आता काठी पाहा. १६ फूट म्हणजे जवळजवळ ४.९ मीटर. तलावातून बाहेर काढून जाळीतला पालापाचोळा झटकण्यासाठी माणूस ती सहज उभी करतो. तेव्हा तिचे खालचे टोक कमरेजवळ, जमिनीपासून १ मीटरवर असते. वरचे टोक पोहोचते ५.९ मीटरवर. नियमाप्रमाणे पूर्णपणे योग्य उंचीवर ताणलेली तारही त्याच्या टप्प्यात आली. त्यात उन्हाळ्यात तारा सैल पडून खाली झुकतात हे आणखी वेगळे. माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा, हातात ओली ॲल्युमिनियमची नळी, आणि नजर वर नसून पाण्याकडे. यापुढचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. ११ हजार व्होल्टच्या तारेला तर प्रत्यक्ष स्पर्श होण्याचीही गरज नसते. टोक अगदी जवळ गेले तरी पुरते. आणि घरात बसवलेले आरसीसीबी या प्रसंगी काही करू शकत नाही, कारण ते घरातील जोडणीचे रक्षण करते, डोक्यावरच्या तारेचे नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत पोहण्याच्या तलावावरून जाणारी कमी दाबाची आच्छादित तारसुद्धा पाण्याच्या पातळीपासून साडेबावीस फूट, म्हणजे सुमारे ६.९ मीटर दूर असावी असे सांगितले आहे. वरील बेरीज पाहिली म्हणजे हे अंतर किती शहाणपणाचे आहे ते कळते.

म्हणून उपाय क्रमाने असे. तलावाची जागा ठरवतानाच डोक्यावर तार नाही ना, हे पाहावे. तार असेल तर महावितरणकडे रीतसर अर्ज करून ती हलवून घ्यावी. त्याचा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकातच धरावा. तार जवळपास असेल आणि हलवणे तूर्त शक्य नसेल, तर काठी काचतंतूचीच घ्यावी. तरीही तिच्यावर निर्धास्त विसंबू नये, कारण ओली आणि मळकी काचतंतूची काठीही वीज वाहू शकते. तारेपासून काठीचे टोक किमान ३ मीटर दूर राहिले पाहिजे. जाळी झटकण्यासाठी काठी उभी न करता आडवीच ओढून घ्यावी आणि बंद केल्यावर मगच ती उचलून न्यावी. ही एक सवय लावली तरी निम्म्याहून अधिक धोका टळतो.

फार्महाऊस नसलेल्या वाचकांनी हा भाग आपला नाही असे समजू नये. हीच काठी आता पेठेतही शिरली आहे. दुकानाची पाटी पुसणे, दुसऱ्या मजल्यावरील खिडक्यांची काच धुणे, सज्जाखालची जाळी-जळमटे काढणे यांसाठी ती सर्रास वापरली जाते. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत गल्ल्या अरुंद असल्याने तारा आणि सज्जे यांच्यात फारसे अंतर उरलेले नाही. नियमाप्रमाणे कमी दाबाची तार इमारतीपासून आडवी किमान १.२ मीटर आणि सपाट गच्चीपासून उभी किमान २.५ मीटर दूर हवी. पुढे वाढवून बांधलेल्या सज्जाने हे अंतर कोठे खाल्ले आहे, ते आपापल्या घराचे वर पाहून प्रत्येकाने तपासावे. दिवाळीच्या साफसफाईआधी तर अवश्य.

सांधा आणि खटका

काठी मोडते ती बहुधा सांध्यात. खटक्याचे तीन प्रकार आढळतात. पहिला, आतल्या आत पिळून घट्ट होणारा. तो दिसायला सुबक, पण आपल्याकडची धूळ आत गेली की घसरू लागतो आणि दुरुस्त होत नाही. दुसरा, बाहेरून कडे पिळून घट्ट करायचा. तिसरा, सायकलच्या सीटखाली असतो तसा पट्टीने आवळणारा खटका. शेवटचे दोन प्रकार बाहेरून दिसतात, उघडून धुता येतात आणि त्यांचे सुटे भाग मिळू शकतात. माझा कौल त्यांनाच. सुटा खटका विकत मिळतो काय, हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा. त्याच्या उत्तरावरूनच वस्तूचे आयुष्य कळते.

दुकानातच पुढील चाचण्या कराव्यात. काठी पूर्ण उघडून खटका लावावा, एक टोक जमिनीला टेकवून वरून शरीराचा भार द्यावा. ती सरकता कामा नये. मग दोघांनी दोन टोके धरून उलटसुलट पिळावी आणि ओढावी. नंतर आडवी धरून तिचा वाक डोळ्यांनी पाहावा. घरपोच मागवली असेल, तर बंद लांबी आणि उघडी लांबी असे दोन्ही आकडे फुटांत की मीटरमध्ये, हे बिलावर लिहून घ्यावे. जाहिरातीतील मोठा आकडा नेहमी उघड्या लांबीचाच असतो. पक्के बिल आणि हमीपत्र जपून ठेवावे, हे आपल्या वाचकांना सांगणे म्हणजे आंब्याच्या व्यापाऱ्याला कोय दाखवणे होय.

किंमत आणि मोल

हिशेब उदाहरणाने मांडतो. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा एक काठी ९०० रुपयांची असून एक उन्हाळा टिकते, आणि दुसरी २,७०० रुपयांची असून पाच वर्षे टिकते. पहिलीचा वार्षिक खर्च ९०० रुपये, दुसरीचा ५४०. घसाऱ्याची ही साधी गोष्ट पेढीवरच्या यंत्राला आपण बिनचूक लावतो, घरच्या वस्तूला लावायला विसरतो.

परंतु हिशेबात आणखी एक रकाना हवा, आणि तो बहुधा कोरा राहतो. काठी विकत घेणारा मालक असतो, ती रोज धरणारा मात्र राखणदार किंवा त्याच्या घरातील कोणी असते. जड काठीचा ताण, घसरणाऱ्या खटक्यात चिमटलेले बोट, तळहातातील काचतंतू, हे त्याच्या वाट्याला येते, म्हणून ते मालकाच्या खर्चात दिसत नाही. कर्जप्रकरणे तपासताना आम्हाला शिकवलेले असे, की तारण कितीही भक्कम असो, शेवटी फेडणाऱ्याची ऐपत पाहावी. येथेही वस्तू कितीही उत्तम असो, धरणाऱ्याचा हात पाहावा. काठी घ्यायला जाताना त्यालाच बरोबर न्यावे. त्याच्या उंचीला, त्याच्या पकडीला जी जुळेल ती घ्यावी. तो लाजून काही बोलणार नाही, आपणच विचारावे.

याच न्यायाने घरातील टाकीकडे पाहावे. जमिनीखालच्या बंद टाकीत माणूस उतरवणे ही आपल्या पेठेतली नित्याची बाब आहे. तेथे हवा कोंडलेली असते, ब्लीचिंग पावडरची वाफही असते. टाकीच्या भिंती जेथवर बाहेरून लांब काठीच्या ब्रशने घासता येतील तेथवर बाहेरूनच घासाव्यात. उतरणे अटळ असेल तर झाकण बराच वेळ उघडे ठेवून, आत वारा खेळवून, वर एक जाणता माणूस उभा ठेवूनच उतरू द्यावे. आडात दिवा सोडणाऱ्यांपेक्षा आपण कमी सावध असण्याचे कारण नाही.

दुसरी काठी

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते निःसंदिग्ध आहे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी टेलिस्कोपिक काठीवर भिस्त ठेवू नये. तिचा खटका ब्रशच्या दाबासाठी बनवलेला असतो, घाबरलेल्या माणसाच्या ओढीसाठी नव्हे. ऐन वेळी नळीतून नळी निसटली, तर एक तुकडा आपल्या हातात आणि दुसरा त्याच्या हातात राहील. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने सार्वजनिक तलावांसाठी तयार केलेल्या आदर्श संहितेत बचावाची काठी १२ ते साडेसोळा फूट लांब, हलकी, टोकाला रुंद आकडा पक्का बसवलेली आणि टेलिस्कोपिक नसलेली असावी, असे स्पष्ट म्हटले आहे.

म्हणून तलावाजवळ दोन काठ्या हव्यात. एक सरकणारी, स्वच्छतेसाठी. दुसरी अखंड, बचावासाठी. ती भिंतीवर सर्वांना दिसेल अशी टांगलेली असावी आणि तिला कुलूप नसावे. तिच्याजवळ दोर बांधलेली एक हवेची किंवा थर्माकोलची कडी असावी. ही काठी दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये, नाही तर गरजेच्या क्षणी ती चिंचा पाडायला गेलेली असेल. ती देताना आपण आडवे पडावे किंवा घट्ट आधार धरावा, काठी समोरून खुपसू नये, बाजूने फिरवून त्याच्या छातीजवळ न्यावी आणि हळूहळू ओढावे. पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. घरातील प्रत्येकाने, आजीसुद्धा, हंगामाच्या आरंभी एकदा ही काठी हाताळून पाहावी. अर्थात कोणतीही काठी ही मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या मोठ्या माणसाची जागा घेऊ शकत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या जमिनीत शेततळी आहेत. २०१६ साली राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणल्यापासून त्यांची संख्या वाढली. त्यांच्या प्लास्टिकच्या उतरत्या अस्तरावर ओला पाय ठरत नाही. पोहता येणारालाही वर चढता येत नाही. तेथे कुंपण, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर, आणि एक अखंड लांब काठी ठेवणे हे तलावापेक्षाही अधिक निकडीचे आहे. भरीव वेळूची पारखून घेतलेली सरळ काठीसुद्धा येथे चालेल. तिला दर वर्षी वाकवून, चिरा नाहीत ना हे पाहून घ्यावे.

निगा

काम झाल्यावर काठी साध्या पाण्याने धुवावी, खटके सैल करून उभी निथळवावी आणि मग सावलीत आडवी, दोन-तीन आकड्यांवर ठेवावी. भिंतीला तिरपी टेकवून ठेवल्यास ती कायमची वाकते. सांध्यात तेल घालू नये, धूळ चिकटते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत सहज पटावी. रात्रभरात पाण्यात किडे, भुंगे, कधी बेडूक पडतात. सकाळी पंप सुरू करण्यापूर्वीच जाळी फिरवावी, म्हणजे जे जिवंत आहेत ते यंत्रात ओढले जात नाहीत. जाळी बारीक छिद्रांची आणि मऊ कापडाची घ्यावी, आणि ती कचऱ्यात न झटकता झाडाखाली ओल्या सावलीत उपडी करावी. काठावरून पाण्यात उतरणारी एक लाकडी फळी तरंगती ठेवली, तर बेडूक स्वतःच वर येतात. पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, तेथे एवढी काळजी जड वाटणार नाही.

सारांश, लहान तलावासाठी १५ ते १६ फुटांपर्यंत उघडणारी, दोन नळ्यांची, बाहेरून आवळण्याच्या खटक्याची काठी घ्यावी. जवळपास तार असेल तर काचतंतूची आणि तीही आडवी हाताळावी. तार नसेल तर ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची चालेल. बचावासाठी अखंड काठी वेगळी. आणि खरेदीला जाताना ती धरणारा माणूस बरोबर असावा.

फार्महाऊसवर पुढच्या वेळी जाल, तेव्हा पाण्याकडे पाहण्याआधी एकदा मान वर करून तारा कोठे आहेत ते पाहा, आणि तेथे काम करणाऱ्यालाही दाखवा. त्याला एक मिनिटही लागत नाही.